पाठीराखा व्हावयाचे तर



पूर आला किंवा कोठे आग लागली की माणसे मदतीस धावून जातात. परंतु वर्गात दिवसेंदिवस मागे पडणाऱ्या किंवा घरच्या विपत्तीने एकाकी झालेल्या मुलाकडे कोणी धावत नाही. कारण नुसत्या धावण्याने तेथे काही साधत नाही. तेथे दीर्घकाळ सोबत करणारे माणूस हवे असते. अशा सोबत्याला आपल्या भाषेत ‘पाठीराखा’ असा सुंदर शब्द आहे. मोबदल्याची अपेक्षा न धरता एकाच व्यक्तीला नियमाने आपला वेळ देणारा, या अर्थाने तो येथे योजला आहे.

या कार्याला संघटित रूप कसे आले, ते जाणून घेण्यासारखे आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात १९०२ साली मुलांसाठी स्वतंत्र न्यायालय सुरू झाले. अर्नेस्ट कूल्टर हे त्या न्यायालयाचे लिपिक होते. लहानसहान गुन्ह्यांसाठी पकडून आणलेली मुले ते रोज पाहत असत. या मुलांना शिक्षेपेक्षा आपुलकीने चौकशी करणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाची गरज अधिक आहे, असे त्यांचे मत झाले. डिसेंबर १९०४ मध्ये त्यांनी एका चर्चच्या पुरुष मंडळापुढे हा विचार मांडला, तेव्हा चाळीस श्रोत्यांनी प्रत्येकी एका मुलाचा ‘थोरला भाऊ’ होण्याचे पत्करले. पुढे मुलींसाठी ‘थोरल्या बहिणीं’ची संस्था निघाली आणि १९७७ साली या दोन्ही संस्था एक झाल्या. स्वयंसेवकाची नीट चौकशी करावयाची, मुलाच्या पालकांची संमती घ्यावयाची आणि जोडी जुळवून दिल्यावरही तिच्यावर लक्ष ठेवावयाचे, अशी त्यांची रीत आहे.

अशा सोबतीचा खरोखर उपयोग होतो काय, याचीही परीक्षा झालेली आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १० ते १६ वर्षे वयाची ९५९ मुले-मुली घेतली होती. त्यांपैकी सुमारे निम्म्यांना लगेच पाठीराखा मिळाला व उरलेल्यांना थांबावे लागले. दीड वर्षानंतर तुलना केली, तेव्हा पाठीराखा असलेल्यांत मादक पदार्थांकडे वळण्याचा संभव ४६ टक्क्यांनी कमी आढळला व शाळा बुडविण्याचे दिवसही जवळजवळ निम्म्यावर आले होते. बहुतेक जोड्या महिन्यातून साधारण तीनदा भेटत, गप्पा मारीत, खेळत वा फिरावयास जात. एवढ्याशा साध्या सहवासाचे हे फळ आहे.

परंतु याच मुलांविषयी २००२ साली पुढे आलेला निष्कर्ष अधिक विचार करावयास लावणारा आहे. ज्यांची सोबत वर्षभर किंवा अधिक टिकली, त्यांना सर्वांत अधिक लाभ झाला. ज्यांची सोबत तीन महिन्यांच्या आतच तुटली, त्यांचा स्वतःविषयीचा विश्वास उलट घटलेला दिसला. याचे कारण समजण्यास कठीण नाही. ज्या मुलाला पूर्वीच कोणीतरी सोडून गेलेले असते, त्याला पुन्हा कोणी सोडून गेले म्हणजे ‘दोष माझाच असावा’ असे वाटू लागते. सबब, अर्धवट टाकलेली मदत पुष्कळदा न केलेल्या मदतीहून वाईट ठरते.

हे ध्यानी धरून आपल्यालाही पुष्कळ करता येईल. नववीतील विद्यार्थ्याने पाचवीतील एका मुलाला आठवड्यातून एक तास वाचनासाठी द्यावा. वार व वेळ ठरवून घ्यावी. येणे अशक्य झाले तर आधी निरोप धाडावा. भेट शाळेच्या ओसरीवर किंवा घरातील माणसांच्या देखत व्हावी आणि ती शिक्षकांना व पालकांना ठाऊक असावी. पैसे वा भेटवस्तू देण्याच्या भरीस पडू नये. मुलाने एखादे मोठे दुःख किंवा भीती सांगितली, तर ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन न देता विश्वासू शिक्षकांकडे जावे. तो भार विद्यार्थ्याने एकट्याने वाहण्याजोगा नसतो.

आणखी एक पथ्य आहे. मुलाला सुधारण्याच्या आवेशात पहिल्या दिवसापासून उपदेश करू लागणाऱ्यांच्या जोड्या लवकर मोडतात, असा अनुभव आहे. आधी त्याला काय आवडते ते विचारावे. आपल्या गोव्यात घरी कोंकणी बोलणारी मुले मराठी शाळेत येतात. असे मूल पाण्याला ‘उदक’ म्हणाले तर हसू नये. तो शब्द मराठी संतांच्या वाणीतही आहे, हे त्याला सांगावे आणि मग ‘पाणी’ हा शब्द शिकवावा. आपल्या घरची भाषा येथे हास्यास्पद ठरत नाही, हे कळले की मूल निर्भयपणे वाचू लागते.

हेच प्रौढांविषयीही खरे आहे. ‘उल्लास’ या केंद्रीय साक्षरता कार्यक्रमात स्वयंसेवक पंधरा वर्षांवरील निरक्षरांना लिहावयास-वाचावयास शिकवितात. ३० मे २०२५ रोजी गोवा पूर्ण साक्षर झाल्याचे जाहीर करण्यात आले. तथापि नुकतीच अक्षरे ओळखू लागलेल्या आजीला औषधाच्या बाटलीवरील सूचना न अडखळता वाचता येण्यास सराव हवा, आणि सरावाला शेजारी बसणारे कोणीतरी हवे. शेजारच्या घरातील नातवंडाएवढ्या मुलालाही ते काम करता येईल.

तेव्हा कोणाचा पाठीराखा होण्याचा शब्द देण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारा : परीक्षा आली, पाऊस आला, खेळाचे सामने आले, तरी हा एक तास मी वर्षभर राखू शकेन काय? उत्तर ‘नाही’ असेल तर तूर्त थांबा. त्यात कमीपणा नाही. उत्तर ‘होय’ असेल तर शिक्षकांना भेटा आणि पुढच्या आठवड्यापासूनच प्रारंभ करा. तुमची वाट पाहणारे कोणीतरी तुमच्याच शाळेत असेल.