नदीतले मासे मोजताना



योहानाच्या शुभवर्तमानाच्या 21 व्या अध्यायात शिष्यांच्या जाळ्यात 153 मोठे मासे आल्याची नोंद आहे. म्हणजे ते कोणीतरी बसून मोजले होते. वैतरणेकाठच्या कातकरी-वारली पाड्यांवर आपण नेहमी ऐकतो, "पूर्वीसारखे मासे राहिले नाहीत." पण कोणते कमी झाले, किती झाले, हे दाखवायला हातात कागद नसतो. तो कागद कसा तयार करावा, हा आजचा धडा.

आधी माझी चूक सांगतो. एकदा एप्रिलमध्ये डोहात जाळे टाकले, ते भरून आले. मी वहीत लिहिले, 'मासे भरपूर.' शेजारच्या कातकरी आजी हसल्या. म्हणाल्या, "दादा, पाणी आटलं म्हणून सगळे इथं गोळा झालेत. जरा वरच्या अंगाला जाऊन बघ." वर नदी कोरडी होती. मी वहीतली ओळ खोडली.

1. ठिकाण आणि वेळ : डोह, खळाळ आणि उथळ पाणी अशा तिन्ही जागा निवडा. दरवर्षी त्याच जागा, तोच महिना, तेच जाळे आणि तितकाच वेळ ठेवा. जाळ्याचे आस बदलले तर आकडेही बदलतात. पहिल्या पावसात वलगणीचे मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतात. तेव्हा फक्त पाहा, धरू नका.

2. नाव : पाड्यावरच्या जाणत्यांना विचारून स्थानिक नाव लिहा. कर्नल साइक्स यांनी 1839 साली दख्खनच्या माशांची वर्णने केली, तेव्हा 'खुद्री', 'कोळस' अशी इथलीच नावे शास्त्रीय नावांत घेतली. मरळ, वाम, शिंगाळा हे देशी मासे एका रकान्यात, बाहेरचे दुसऱ्या रकान्यात लिहा. तिलापिया मूळचा आफ्रिकेतला, 1952 साली भारतात आणलेला.

3. मोजणी : समजा, डोहात एका जातीचे 60 मासे धरले. ओल्या हातांनी प्रत्येकाच्या शेपटीच्या कडेला बारीक खाच करून ते सोडले. काही दिवसांनी पुन्हा 50 धरले, त्यांत 10 खाचेचे निघाले. म्हणजे पाचातला एक खुणेचा. खुणेचे एकूण 60, म्हणून डोहात त्या जातीचे अंदाजे 300 मासे. मात्र मधल्या काळात डोहात मासे ये-जा करत असतील, तर हा हिशेब चुकतो.

एका वर्षाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नका. निदान तीन-चार वर्षांच्या नोंदी शेजारी ठेवा. मग ही वही ग्रामसभेत वाचा. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार गावाची लोक जैवविविधता नोंदवही असते. तीत या नोंदी घालण्याचा आग्रह धरा. उद्या नदीत कोणी विष कालवले किंवा वाळू उपसली, तर काय गेले ते सांगता येईल.

वही आजींना वाचून दाखवायला मात्र विसरू नका. चूक त्याच आधी पकडतील.