गाभण मेंढीचा आहार आणि तिच्या संततीची प्रजननशक्ति

मेंढी वेळेवर फळली नाहीं किंवा मेंढा निर्बळ निघाला, म्हणजे आपण वाणास दोष देतों. परंतु या दोषाचें मूळ पुष्कळदां त्या जनावराच्या जन्मापूर्वींच, त्याच्या आईच्या उपासमारींत असूं शकतें. धुळें व जळगांव जिल्ह्यांत उन्हाळी चाऱ्याची टंचाई नेहमींचीच. म्हणून हा विषय वाचकांपुढें मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

मेंढीचा गर्भकाळ सुमारें १५० दिवसांचा असतो. मादी गर्भाच्या बीजकोशाची मुख्य मांडणी साधारणपणें ५० व्या दिवसापासून ११० व्या दिवसापर्यंत होते. जन्मतः जेवढीं बीजें असतील, त्या पुंजीवरच त्या मेंढीनें पुढें जन्मभर निर्वाह करावयाचा असतो. नराच्या वृषणांत शुक्रबीजांचें पोषण करणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांची वाढही गर्भांतच सुरू होते व वयांत येण्याच्या सुमारास थांबते.

अडचण अशी कीं, या मधल्या दिवसांत मेंढीचें पोट दिसत नाहीं. गर्भाच्या वजनाची सुमारें शेंकडा ७० वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. त्यामुळें धन्याचें लक्ष तिकडे उशिरां जातें.

स्कॉटलंडांतील एका प्रयोगांत, जो २००२ सालीं प्रसिद्ध झाला, मेंढ्यांस पहिले ९५ दिवस निर्वाहापुरत्या आहाराच्या निम्माच आहार दिला. त्यांच्या मुली दिसावयास धडधाकट होत्या; परंतु वयांत आल्यावर त्यांचीं बीजें कमी सुटलीं. त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत, अर्धपोटीं राहिलेल्या मेंढ्यांच्या नर कोंकरांत वृषणांतील उपरोक्त पेशी कमी आढळल्या. तीं जनावरें निराळ्या मुलखांतलीं. तेथील आंकडे आपल्या दख्खनी मेंढीस जसेच्या तसे लावूं नयेत. मात्र गर्भाच्या घडणीचा क्रम सर्व मेंढ्यांत सारखाच असतो.

आतां आपल्या हंगामाचा विचार करूं. जुलईच्या आरंभीं मेंढी फळली, तर गर्भाचे हे नाजूक दिवस आगस्टअखेरीपासून आक्टोबरच्या मध्यापर्यंत येतात. तेव्हां रानांत हिरवें गवत असतें. मार्चच्या आरंभीं फळली, तर तेच दिवस एप्रिलअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे ऐन टंचाईंत येतात. यावरून पुढील गोष्टी लक्षांत ठेवाव्या.

(१) मेंढा कळपांत बारमहा न ठेवतां, पावसाच्या आरंभीं सोडावा.

(२) उन्हाळ्यांत गाभण असणाऱ्या मेंढ्या वेगळ्या काढून त्यांस भुईमुगाचा पाला, तुरीचें व हरभऱ्याचें कुटार व बाभळीच्या शेंगा द्याव्या. हा सांठा सुगीच्या वेळींच करून ठेवावा.

(३) शेवटच्या सहा आठवड्यांत दर मेंढीस रोज २०० ते २५० ग्राम पेंड अगर भरड द्यावी. चाटण्यास क्षारांची वीट ठेवावी.

(४) मेंढीचें वजन पूर्ण वाढीच्या दोन तृतीयांश झाल्याखेरीज तिला फळवूं नये. तिची स्वतःची वाढ अपुरी असतां गर्भाचा भार पडणें हें दोघांसही अपायकारक होय.

(५) पैदाशीसाठीं कोंकरें राखतांना केवळ अंगलोट पाहूं नये. आई गाभण असतां तिला चारा कसा मिळाला, याची नोंद पाहावी. दुष्काळी उन्हाळ्यांत गर्भांत वाढलेलें कोंकरूं शक्य तर विकावें.

ज्यांचा स्वतःचा कळप नाहीं, त्यांचाही येथें संबंध आहे. साक्री, शिंदखेडें या भागांतील ठेलारी बंधु मेंढ्या घेऊन फिरतात व खतासाठीं त्या आपल्या शेतांत बसवितात. अशा वेळीं कपाशीचा पाला व पिकाचे धसकट त्यांस मोकळ्या मनानें चारूं द्यावें. मात्र नुकतीच औषध फवारलेली पऱ्हाटी चारूं देऊं नये. कळप सुदृढ राहिला, तरच खतही पिढ्यान्‌पिढ्या मिळत राहील.

सारांश, मेंढी गाभण असतां केलेली काटकसर त्या वर्षीं दिसत नाहीं; ती दोन वर्षांनीं तिच्या मुलीच्या पोटीं दिसते. म्हणून वाण बदलण्यापूर्वीं चाऱ्याचा हिशेब अवश्य तपासावा.