खेळातील निवड व मनातील सबब

शास्त्रपाठ : २ शमुवेल ११:१४-२७, १२:१-१४

मोबाइलवरील खेळात मुलाने कोणाला ठार केले तर ते पाप होय काय, असा प्रश्न आमच्या शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना पालक वारंवार विचारतात. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. वडील बारा तासांच्या पाळीवर लूमवर, आई घरी साड्यांना लेस व टिकल्या लावण्यात गुंतलेली, आणि मूल मोबाइलपाशी. अशा आईबापांस ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात सांगितले तर त्यांचे समाधान होईल, पण मुलाच्या मनात काय चालले आहे ते कोणालाच कळणार नाही. म्हणून या पाठात आम्ही प्रश्न थोडा बदलून घेत आहोत : खेळात बरेवाईट निवडण्याची पाळी येते तेव्हा मनुष्याचे मन काय करते?

नीती शिकविणारा खेळ ही काही परदेशाची देणगी नव्हे. आपल्या महाराष्ट्रात मोक्षपट होता. परंपरा तो ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगते. दुर्गुणाच्या घरात साप, सद्गुणाच्या घरात शिडी. तथापि त्यात एक गोष्ट नाही, ती म्हणजे निवड. कवड्या पडतील तिकडे सोंगटी जाते. लोभाच्या घरात आलेला खेळाडू लोभी असतोच असे नाही. संगणकावरील खेळांनी जी नवी गोष्ट आणली ती हीच की सोंगटी आता विचारते, “कोणीकडे जाऊ?”

१९८५ साली रिचर्ड गॅरियट या अमेरिकन गृहस्थाने ‘अल्टिमा ४’ नावाचा खेळ काढला. त्यात शेवटी मारावयाचा कोणी मोठा राक्षस नाही. प्रामाणिकपणा, करुणा, न्याय, नम्रता अशा आठ गुणांत वाढावयाचे, हेच काम. त्यातील एक दुकान आम्हांस फार बोलके वाटते. औषधी वनस्पती विकणारी बाई आंधळी आहे. माल घेतल्यावर पैसे किती टाकावयाचे ते खेळाडूने स्वतःच ठरवायचे. कमी टाकले तरी ती ओरडत नाही, शिपाई येत नाही, खेळ थांबत नाही. मात्र आत कोठेतरी त्याची नोंद होते व पुढे गुणांत घट दिसते. पालकांनी आपल्या आधीच्या खेळांविषयी लिहिलेली पत्रे वाचून हा विचार सुचला, असे गॅरियट यांनी सांगितले आहे.

दुसरे उदाहरण आमच्या उधन्यास अधिक जवळचे. ‘पेपर्स, प्लीज’ हा लुकस पोप यांचा २०१३ सालचा खेळ. खेळाडू सरहद्दीवरील तपासनीस होतो. जितकी माणसे तपासली तितकी मजुरी. म्हणजे आपल्या लूमवर मीटरवर पगार असतो तसेच. संध्याकाळी त्या पैशांत घरचे अन्न, उष्णता व औषध भागवायचे. एक पुरुष पुढे येतो, त्याचे कागद बरोबर आहेत. त्याच्या मागून येणाऱ्या बायकोचे अपुरे आहेत. तिला सोडले तर ताकीद येते, आणि चुका वाढल्या की दंड बसतो. येथे साप कोठे व शिडी कोठे, हे पटावर लिहिलेले नाही. आपल्या देशातही कोलकात्याच्या लीना केजरीवाल यांनी २०१६ साली ‘मिसिंग’ हा खेळ आणला. त्यात विकल्या गेलेल्या मुलीच्या जागी उभे राहून सुटकेची वाट शोधावी लागते.

आता मनाकडे वळू. कोणी म्हणेल, हे सारे खोटे आहे हे खेळणाऱ्यास ठाऊक असते. खरे आहे. पण २००६ साली मेल स्लेटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकाने रेखाटलेल्या स्त्रीस चुकीच्या उत्तराबद्दल विजेचा धक्का द्यायचा होता. ती खरी नाही हे सर्वांना माहीत होते, तरी तिला पाहणारे व ऐकणारे अस्वस्थ झाले. त्यांच्या शरीरावरही ताण दिसला. तसेच ‘मास इफेक्ट’ या खेळात चांगला व निष्ठुर असे दोन मार्ग मोकळे असताना सुमारे ९२ टक्के खेळाडूंनी चांगला मार्ग घेतला, असे तो घडविणाऱ्यांपैकी एकाने २०२० साली सांगितले. म्हणजे मनुष्य आपला विवेक दाराबाहेर ठेवून खेळावयास बसत नाही.

मग भय कशाचे? टिलो हार्टमन व सहकाऱ्यांच्या २०१० सालच्या अभ्यासात असे दिसले की खेळातील हिंसेस काही कारण नसले तर खेळणाऱ्यास, विशेषतः कोमल मनाच्या खेळणाऱ्यास, अपराधी वाटते. तीच हिंसा समर्थनीय ठरविली की ते वाटणे कमी होते. आमच्या मते सगळा प्रश्न येथे आहे. गोळी तीच; फक्त सबब पुरविली गेली. अल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञांनी अशा सबबी नीट वेगळ्या करून दाखविल्या आहेत : कृत्यास सौम्य नाव देणे, जबाबदारी वरच्यावर ढकलणे, समोरच्यास माणूसच न मानणे.

शास्त्रपाठात दावीद राजा हेच करतो. उरियाला लढाईच्या तोंडी ठेवण्याचा हुकूम त्याचाच. काम झाल्यावर यवाबास तो निरोप पाठवितो की वाईट वाटून घेऊ नकोस, तलवार आज याला खाते, उद्या त्याला (११:२५ पाहा). कृत्य आपले, नाव तलवारीचे! यानंतर नाथान येतो व त्याच्यापुढे एक कल्पित प्रकरण मांडतो : श्रीमंत, गरीब व एक कोकरी. कल्पित गोष्टीत दाविदाचा विवेक लख्ख जागा आहे. तो संतापून निकाल देतो. स्वतःच्या प्रकरणात मात्र तोच विवेक निजलेला. जे ९२ टक्के खेळात भले वागले त्यांच्याविषयी फार हुरळून जाऊ नये, ते यासाठी. तेथे पदरचे काहीच जात नव्हते.

आणखी एक भेद वर्गात अवश्य काढावा. पुष्कळ खेळांत निवड चुकली की मागे साठवून ठेवलेल्या जागी परत जाता येते. दाविदाला क्षमा मिळाली, परंतु उरिया परत आला नाही.

आमची मुले बहुधा खेळतात ते खेळ मात्र निराळे. शंभर जण उतरतात, शेवटचा उरेल तो जिंकतो. तेथे निवडीस जागा थोडीच. मार्च २०१९ मध्ये राजकोट पोलिसांनी पब्जीवर बंदी घालून काही तरुणांस पकडलेही, व २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने तो बंद केला, पण देशाच्या सुरक्षिततेच्या कारणाने. नीतीचा प्रश्न तसाच राहिला. तोच खेळ २०२१ साली नव्या नावाने आला तेव्हा रक्ताचा रंग हिरवा केलेला होता. सौम्य नावाप्रमाणे सौम्य रंग! अशा खेळात खरी निवड पडद्याबाहेर असते : हरल्यावर सोबत्यास काय बोललो, वडिलांच्या खात्यातून न विचारता किती पैसे गेले, उद्याची शाळा बुडाली काय.

शिक्षकांनी हा पाठ घेताना नाथानाचे नाव आधी सांगू नये. प्रथम आंधळ्या दुकानदारणीची गोष्ट सांगावी व प्रत्येक मुलाकडून चिठ्ठीवर, नाव न घालता, ‘मी किती पैसे टाकीन’ हे लिहून घ्यावे. उत्तरे वाचताना कोणाचीही थट्टा होऊ देऊ नये, आणि कमी लिहिणाऱ्यास शोधूही नये. मोठ्या मुलांच्या वर्गात सरहद्दीवरील नवराबायकोचे प्रकरण घ्यावे; त्याचे एकच उत्तर शिक्षकाने हातात ठेवून वर्गात जाऊ नये. मग दाविदाचा निरोप वाचावा व मुलांकडून त्यांच्या रोजच्या बोलण्यातील तशीच वाक्ये काढून घेऊन फळ्यावर लिहावीत. आमच्या वर्गात पहिले वाक्य आले ते “सगळेच करतात” हे, आणि दुसरे “शेठने सांगितलं म्हणून.” हे दुसरे वाक्य सांगणारा मुलगा सुटीत कारखान्यावर जात असे. त्या दिवशी पाठ तेथेच थांबवून आम्ही त्यालाच बोलू दिले.