सगळा रंग काढू नकोस

चि. बाळ,

बेटम्याच्या घराची दारं, चौकटी आणि ओसरीचे खांब खरवडून खालचं सागवान मोकळं करायचं, असा बेत तू कळवलास. जुन्या लाकडाची तुला ओढ आहे याचा आनंद वाटला. पण लाकडाला घट्ट धरून बसलेला जुना रंग सहसा कोणाचं काही बिघडवत नाही. जे बिघडतं ते तो काढताना. म्हणून जिथे पोपडे सुटलेत, दार अडतंय किंवा नक्षी बुजली आहे, तेवढाच काढ. बाकीचा राहू दे.

याचं मुख्य कारण शिसं. जुन्या तेलरंगात ते घालत, कारण त्याने रंग लवकर वाळे आणि ऊन-पावसात टिके. पांढरा सफेदा हे शिशाचंच संयुग, अस्तरात मिसळायचा शेंदूरही शिशाचाच. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची मर्यादा 10 लाख भागांत 90 भाग ठरवणारे नियम 2016 साली झाले आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. तेव्हा त्याआधीच्या थरांत शिसं नसेलच, असं धरून चालू नकोस. दारावर ते स्वस्थ असतं. ग्राइंडरने कोरडं घासलं की त्याचं पीठ होतं आणि अंथरुणावर, भांड्यांवर, रांगत्या मुलाच्या बोटांवर बसतं. लहान मुलं पोटात गेलेलं शिसं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषतात, आणि मेंदूची झालेली हानी भरून येत नाही. तू म्हणशील, रंगारी रोज घासतात, त्यांना कुठे काय होतं? होतं, पण हळूहळू. पोटदुखी, बद्धकोष्ठ, थकवा यांचं खापर खाण्यापिण्यावर फुटतं. रक्तातलं शिसं तपासायला कोण जातं?

मग धूळ नको म्हणून हीट गन किंवा ज्योत? साधारण 600 अंशांच्या वर रंगातल्या शिशाची वाफ होते, आणि ती धुळीहून घातक. शिवाय चौकटीमागच्या फटीत वर्षानुवर्षांचा वाळका कचरा असतो. तिथली ठिणगी दिसतही नाही. इंदूरच्या राजवाड्याचे वरचे मजले लाकडी, आणि 1984 च्या आगीने तिथे काय केलं हे तुला सांगायला नको. कॉस्टिक सोडा स्वस्त खरा, पण सागवान काळवंडतं, तंतू फुलतात आणि सांध्यांत मुरलेला क्षार पुढे नवा रंगही धरू देत नाही. मिथिलीन क्लोराइडचं रंगकाढू द्रावण तर घरात आणूच नकोस. बंद खोलीत त्याच्या वाफांनी माणसं दगावली, म्हणूनच अमेरिकेने 2019 मध्ये त्याची घरगुती विक्री बंद केली.

तुझा खरा आक्षेप मला ठाऊक आहे: सागाच्या रेषा झाकून ठेवायच्या कशाला, मुळात लाकूड उघडंच होतं ना? असेल. पण ते अंदाजाने ठरवू नकोस. दाराच्या मागे, कोपऱ्यात, अंगठ्याएवढी जागा थर-थर उकलून बघ. तळाशी तेल पिऊन काळसर झालेलं लाकूड लागलं, तर मुख्य दार तेवढं मोकळं करण्यात अर्थ आहे, आणि मग मीच तुझ्या बाजूचा. पण थेट अस्तर लागलं, तर सुताराने ते रंगासाठीच केलं होतं. खाली जोड दिलेले तुकडे आणि पुट्टीने बुजवलेली भोकं निघतील, आणि तुझी निराशा होईल. ते उकललेले थर मात्र पुसून टाकू नकोस. घराला कोणत्या पिढीत कोणता रंग होता, हे दुसरीकडे कुठे लिहिलेलं नाही.

जे काढायचं ते ओलं करून काढ. खाली प्लास्टिक अंथर, पाणी फवार, पात्याने रेषेच्या दिशेने खरवड, आणि कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पूस. तोंडाला उपरणं गुंडाळून भागत नाही. बारीक धूळ अडवणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो. काम चालू असताना मुलांना आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिला दुसरीकडे पाठव. पोपडे चुलीत घालू नकोस, परसात तर मुळीच टाकू नकोस, तिथे भाजी लावता. आणि घाई नको: पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं, दिवाळीनंतर हात घाल.

तोवर एक पोपडा प्रयोगशाळेत तपासायला दे. आकडा आला की कळव, मग कोणतं दार आधी घ्यायचं ते ठरवू.

तुझा,
काका