एकट्याने स्लिपमध्ये शिरताना

मुंबईत गेटवेसमोर शिडाच्या बोटी बोयाला बांधलेल्या असतात. तिथे शिकलेला माणूस बोया पकडण्यात तरबेज होतो, पण दोन शेजाऱ्यांच्या मधल्या चिंचोळ्या स्लिपमध्ये, म्हणजे धक्क्यालगतच्या बोटीच्या जागेत, बोट घालायची वेळ त्याच्यावर सहसा येत नाही. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को उपसागराकाठी त्याने बोट घेतली, तर हे शिकणं चुकत नाही. सोबतीला कोणी नसेल तर तयारी अधिकच नेमकी हवी.

बर्कली मरीनाचंच उदाहरण घेऊ. उन्हाळ्यात आतल्या खोऱ्याची जमीन तापते, समुद्रावरची गार हवा गोल्डन गेटमधून आत ओढली जाते, आणि बर्कली त्या वाटेच्या अगदी समोर आहे. दुपारी 20 नॉटचा वारा तिथे नवलाचा नाही. सकाळी मात्र पाणी बहुतेक वेळा शांत असतं. म्हणून सराव सकाळी करावा.

समजा, बोट 27 फुटी आहे, वजन सुमारे 3 टन, इंजिन आत बसवलेलं. नाळ आधी आत जाणार आणि डाव्या हाताला फिंगर, म्हणजे स्लिपच्या कडेचा अरुंद तरंगता धक्का. हे 3 टन हातापायांनी थोपवता येत नाहीत. बोट आणि धक्का यांच्यामध्ये पाय घालणं म्हणजे हाड मोडून घेणं. थांबवण्याचं काम एका दोराचं. तो बोटीच्या मध्यावरच्या क्लीटपासून फिंगरच्या बाहेरच्या टोकावरल्या क्लीटपर्यंत जातो.

त्याची लांबी बोट जागेवर नीट बांधलेली असताना ठरवा. दोर ताणला गेल्यावर नाळ समोरच्या मुख्य धक्क्यापासून दोन-तीन फूट अलीकडे राहिली पाहिजे. तेवढ्यावर खूण करा. दुसऱ्या टोकाला मोठा फास ठेवा आणि त्यावर पाण्याच्या नळीचा तुकडा ओवा, म्हणजे फास उघडा राहतो आणि कॉकपिटमधूनच क्लीटवर टाकता येतो. बोटीला मध्यावर क्लीट नसेल तर आधी ती पक्की बसवून घ्या. या कामात तिच्याशिवाय माझा दुसऱ्या कशावर भरवसा नाही.

आता कृती. शिडं बाहेरच, मोकळ्या पाण्यात उतरवा, पण मोठ्या शिडावर कव्हर चढवू नका. इंजिनाने दगा दिला तर तेच कामी येईल. नांगरही मोकळा ठेवा. डावीकडे तीन फेंडर बांधा, त्यांतला एक बोटीच्या सर्वांत रुंद भागाशी. एक उजवीकडेही हवा. तरंगता धक्का भरती-ओहोटीबरोबर वरखाली होतो, त्यामुळे फेंडरची उंची एकदा बसली की बसली. मधला दोर कठड्याच्या तारांच्या बाहेरून मागे आणा आणि फास हाताशी ठेवा. नाळेचा आणि पिछाडीचा दोरही तसेच बाहेरून आणून ठेवा. मग एकदा रिव्हर्स टाकून बघा. बहुतेक बोटींची पिछाडी रिव्हर्समध्ये डावीकडे सरकते. तुमचीही तशीच सरकत असेल तर डावीकडचं फिंगर सोयीचं.

स्लिपसमोरून एकदा नुसतं जाऊन या. झेंडे कुठे फडकताहेत, खांबांशी पाणी कुठे वाहतंय, ते पाहा. बेत फसला तर कुठून बाहेर पडायचं हेही तेव्हाच ठरवा. वारा फिंगरपासून दूर ढकलणारा असेल तर वाऱ्याकडच्या बाजूला राहून, थोडा अधिक वेग ठेवून या. फार हळू आलात तर बोट आडवी सरकते. वारा पाठीमागून असेल तर गियर लवकर न्यूट्रलमध्ये घ्या, रिव्हर्सची तयारी ठेवा.

2 नॉटला बोट सेकंदाला साधारण एक मीटर जाते, म्हणजे आपल्या लांबीइतकं अंतर आठ सेकंदांत. स्लिपच्या तोंडाशी वेग याच्या निम्मा असला तर बरं. बाहेरची क्लीट कॉकपिटच्या रेषेत आली की फास तिच्यावर टाका. इथे घाई नको, पण दुसरं कोणतंही काम हाती घेऊ नका.

फास बसला की रिव्हर्सने वेग मारा. मग इंजिन अगदी हळू पुढच्या गियरमध्ये टाका आणि सुकाणू धक्क्यापासून दूर, उजवीकडे वळवा. टिलर असेल तर दांडा धक्क्याकडे. दोर बोटीला पुढे जाऊ देत नाही, पंख्याचं पाणी पिछाडीला आत ढकलतं, आणि बोट फिंगरला चिकटून राहते. चाक किंवा टिलर तसाच बांधून ठेवा.

फास हुकला तर दोर पंख्यात जाऊ नये म्हणून आधी तो आत ओढा आणि शक्य असेल तर रिव्हर्सने बाहेर या. वारा आवाक्याबाहेरचा वाटला तर पाहुण्यांच्या लांब धक्क्याला बोट लावून संध्याकाळी वारा पडायची वाट पाहणं हाच शहाणपणा.

बोट स्थिर झाल्यावरच उतरा. उडी मारायची नाही, पाऊल टाकायचं. वाऱ्याकडच्या टोकाचा दोर आधी बांधा, नंतर दुसरा. तिन्ही दोर बसले की गियर न्यूट्रल करा, दोर ताण घेताहेत का पाहा, मगच इंजिन बंद करा. निघताना उलटा क्रम: मधला दोर सर्वांत शेवटी सोडायचा.