मोटार जळाली असें ठरविण्यापूर्वीं

विहिरीवरील विजेची मोटार बंद पडली कीं, "मोटार जळाली" असा निकाल आपण तात्काळ देतों व ती खोलून तालुक्याच्या गांवीं पाठवितों. आम्हींही एकदां असेंच केलें. गहूं पोटरींत आला होता. मोटार नुसती घूं घूं करी, पण फिरेना. ती नेऊन उघडली, तों वायंडिंग शाबूत! दोष इतकाच कीं, तीन फ्यूजांपैकीं एक उडाला होता. त्या खटपटींत पिकाचें चार दिवसांचें पाणी गेलें. पंचनाम्यापूर्वीं निकाल दिल्याचें हें फळ. सबब कांठावर बसविलेल्या तीन फेजच्या मोटारीची परीक्षा बाहेरून आंत कशी करावी, तें येथें देतों.

प्रथम मुख्य स्विच बंद करावा आणि तिन्ही फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवावे. "आतां वीज गेलेली आहे" या भरंवशावर तारेस हात लावूं नये. ती केव्हांही परत येते. फ्यूज काढिले तरी खांबावरून येणाऱ्या तारांत वीज असतेच, हें विसरूं नये. चालू तारांचें मोजमाप वायरमनकडूनच करवावें. दर दोन फेजांमध्यें सुमारें ४१५ व्होल्ट मिळाले पाहिजेत.

नंतर लक्षण पाहावें.

१. मोटार अगदीं मुकी असल्यास दोष बहुधा पुरवठ्याचा किंवा स्टार्टरचा असतो. स्टार्टरचे संपर्क काळे पडले आहेत काय व ओव्हरलोड रिले सुटला आहे काय, तें पाहावें.

२. मोटार घुमते पण फिरत नाहीं, असें झाल्यास ती त्याच क्षणीं बंद करावी. स्विच व फ्यूज काढून दांडा हातानें फिरवावा. तो सैल फिरला तर बहुधा एक फेज तुटला आहे. फ्यूज, तारांचे सांधे व स्टार्टर तपासावे. दांडा अडला तर बेअरिंग किंवा पंपाचा पंखा जाम आहे.

३. मोटार फिरते, पण पाणी येत नाहीं. येथें मोटारीचा दोष नसतो. फूटव्हॉल्व्ह गळतो, नळांत हवा शिरते, किंवा तारा उलट जोडल्यामुळें मोटार उलटी फिरते.

४. नवा फ्यूज घालतांच उडतो. आतां मात्र वायंडिंगचा किंवा केबलचा संशय घ्यावा. तारा सोडवून तिन्ही गुंडाळ्यांचा रोध मीटरनें मोजावा. तो सारखा असावा. वायंडिंग आणि मोटारीचें अंग यांमधील रोध ५०० व्होल्टच्या मेगरनें मोजावा. तो निदान १ मेगओहम असावा. पावसाळ्यांत तो ओलाव्यामुळेंही उतरतो. अशी मोटार उन्हांत चांगली वाळवून पुन्हां मोजावी.

मोटार खरोखरच जळाली असेल, तर जुनें वायंडिंग काढण्यापूर्वीं तें स्वतः पाहावें. फेजांच्या कांहीं गुंडाळ्या काळ्या आणि कांहीं स्वच्छ असतील, तर चालतां चालतां एक फेज तुटला असें समजावें. अशा वेळीं उरलेल्या दोन तारांवर तोच भार पडून प्रवाह सुमारें पावणेदोन पट होतो. सर्व गुंडाळ्या सारख्या काळ्या असतील, तर अतिभार, कमी व्होल्टेज किंवा जाम झालेला पंप हें कारण संभवतें. हें कारण दूर न करितां नवें वायंडिंग बसविलें, तर तेंही त्याच वाटेनें जातें.

तीन फेजची मोटार कंडेन्सर लावून दोन फेजांवर चालविण्याची रीत पुष्कळ ठिकाणीं दिसते. तीपासून दूर राहावें. तसेंच, फ्यूज उडतो म्हणून त्यांत जाड तार घालूं नये. योग्य मापाचीच तार घालावी आणि ओव्हरलोड रिले मोटारीच्या पाटीवरील अँपिअरप्रमाणें लावून घ्यावा. हीं दोन कामें वायरमनकडून पेरणीपूर्वीं करवून घेतलीं, तर हंगामांत खोळंबा होण्याचा संभव पुष्कळ कमी होतो.