ऑटोमेशनचा पहिला धडा

कशेडी परिसरातील तरुणाची वाट बहुधा महाडच्या औद्योगिक वसाहतीकडे, नाहीतर मुंबईकडे जाते. संगणकावरील रोजची कामे आपोआप होतील अशी व्यवस्था बसवून देणे, म्हणजे ऑटोमेशन, हा धंदा गावात राहूनही करता येतो. "पण आम्हाला जमेल का?" नुसत्या प्रमाणपत्रांनी हा प्रश्न सुटत नाही, एक छोटे काम तडीस नेल्याने सुटतो.

मंडळाच्या वर्गणीचेच उदाहरण घेऊ. गाव व मुंबईच्या सभासदांची यादी गूगल शीटमध्ये भरावी. थकबाकीदारांना ई-मेलने स्मरणपत्र जाईल अशी आज्ञावली ॲप्स स्क्रिप्टमध्ये लिहावी. २००९ साली आलेली ही सोय विनामूल्य आहे. आज्ञावली गूगलच्या संगणकावर चालते. म्हणून पावसाळ्यात आपली वीज गेली तरी पत्र वेळेवर जाते. मात्र साध्या खात्यातून दिवसाला १०० जणांनाच पत्रे पाठवता येतात.

आधी सारे काम हाताने करून त्याच्या पायऱ्या वहीत लिहाव्यात. मग १० खोटी नावे घालून पाहावे. पत्ता मुद्दाम चुकवावा, रकाना रिकामा ठेवावा. पत्र गेलेल्या नावापुढे तारीख पडलीच पाहिजे. वर्गणी भरलेल्या माणसाला थकबाकीचे पत्र गेले, तर तो कायमचा दुखावतो.

महिनाभर हे बिनचूक चालले की खजिनदारांना दाखवावे. मग बाजारपेठेतील दुकानदारापुढे बोलताना आपली जीभ अडखळणार नाही. तेथे मात्र काम, मुदत व मोबदला आधी कागदावर घ्यावा. पहिले काम शिकण्यासाठी, दुसरे मोबदल्यासाठी, हे आपण ठरवून टाकू.